उद्योग-व्यवहार : टनांचा आकडा कोठे मोजला, ते आधी विचारावे

लोखंड-पोलादाचा आणि भंगाराचा व्यापार हा आपल्या वाचकांपैकी अनेक घरांचा वाडवडिलांपासूनचा व्यवसाय आहे. मुंबईचा दारूखाना व कुर्ला, जालन्याच्या सळईच्या गिरण्या, अलंगहून माल आणणारे व्यापारी, औद्योगिक वसाहतींतील लहानमोठ्या वखारी, अशा अनेक ठिकाणी हे व्यवहार चालतात. मागच्या पिढीचे भांडवल म्हणजे वजनकाटा, गॅसकटर आणि माल पाहताच त्याची जात ओळखणारी नजर. आजची पिढी त्यात पोकलेनची भर घालून बसली आहे आणि आता पुढचा प्रश्न विचारू लागली आहे : पोकलेनला लावायची हायड्रॉलिक शिअर घ्यावी काय, आणि घ्यावयाची तर कोणती?

प्रश्न साधा दिसतो, पण त्यात एखाद्या कुटुंबाची अनेक वर्षांची बचत एका सहीने गुंतते. शिवाय त्या यंत्राच्या आसपास दिवसभर वावरणाऱ्या माणसांची सुरक्षितताही त्यात गुंतलेली असते. म्हणून या महिन्याच्या स्तंभात कोणत्याही एका कंपनीची शिफारस न करता, दोन शिअर शेजारी शेजारी ठेवून तुलना कशी करावी, एवढाच विचार मांडला आहे.

शिअर म्हणजे नेमके काय?

पोकलेनच्या पुढील बकेट काढून तेथे बसविलेला पोलादी जबडा, असे तिचे थोडक्यात वर्णन करता येईल. खालचा जबडा स्थिर, वरचा फिरता. मागील मोठा सिलिंडर वरच्या जबड्याला रेटतो आणि दोन्हींवरील कठीण पाती कात्रीप्रमाणे एकमेकींच्या अंगाला अंग घासत गर्डर, प्लेट वा पाइप कापतात. पोकलेनवरील अशा शिअरच्या इतिहासात अमेरिकेतील लेक सुपीरिअर या सरोवराच्या काठाला मोठे स्थान आहे. मिनेसोटा राज्यातील टू हार्बर्स हे लोहखनिजाचे बंदर म्हणजे लाबाउंटी या नावाचे गाव. जवळच्याच विस्कॉन्सिन राज्यातील सुपीरिअर येथे जेनेसिस ही दुसरी प्रसिद्ध कंपनी आहे. आज युरोप, कोरिया आणि चीन येथील अनेक शिअर बाजारात आहेत. चिनी मालात चोचीसारख्या जबड्याचा एक प्रकार ‘ईगल शिअर’ या नावाने विकला जातो.

भंगार कापण्याचे कारण वाचकांना ठाऊकच आहे. भट्टीला तिच्या तोंडात मावेल असा माल हवा असतो. आंतरराष्ट्रीय व्यवहारात ‘एचएमएस १’ या जातीच्या मालासाठी जाडी किमान पाव इंच आणि तुकडा ६० × २४ इंचांच्या आत, असे माप रूढ आहे. प्लेट व बांधकामाच्या पोलादाच्या जातीत तर पाच फूट किंवा तीन फूट अशी लांबी ठरलेली असते. म्हणजे तोच गर्डर अखंड विकला तर एक भाव आणि मापात कापून विकला तर दुसरा. हा फरक गॅस, ऑक्सिजन आणि मजुरीत जातो की आपल्या गल्ल्यात राहतो, यावरच शिअरचा सारा हिशोब उभा आहे.

एकाच जबड्याचे तीन आकडे

माहितीपत्रक उघडले की ठळक अक्षरांत एक आकडा दिसतो : ‘कापण्याची ताकद ५०० टन’. शेजारच्या कंपनीचा आकडा २५० टन असतो. पहिली शिअर दुसरीच्या दुप्पट बळकट, असा निष्कर्ष घाईने निघतो. तो काढण्यापूर्वी कागद-पेन्सिल घ्यावी.

समजा, सिलिंडरचा आतील व्यास ३० सेंटिमीटर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौरस सेंटिमीटर भरते. पोकलेनचा दाब चौरस सेंटिमीटरला ३५० किलो असेल, तर सिलिंडर सुमारे २५० टन जोराने रेटतो. आता हा जोर पात्यावर किती पोहोचतो, हे तरफेच्या नियमाने ठरते. जबडा ज्या मुख्य पिनवर फिरतो, तिच्यापासून सिलिंडरचे बळ ६० सेंटिमीटरवर लागते असे धरू. मग पिनपासून ३० सेंटिमीटरवर, म्हणजे जबड्याच्या घशात, ५०० टन मिळतील. ६० सेंटिमीटरवर, म्हणजे जबड्याच्या मध्याशी, २५० टन. आणि एक मीटरवर, म्हणजे टोकाशी, अवघे १५० टन.

शिअर एकच, पण आकडे तीन, आणि तिन्ही खरे. एका कंपनीने घशातला आकडा छापला आणि दुसरीने मधला, तर कागदावर दुप्पट दिसणारा फरक लोखंडावर शून्य असू शकतो. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न ‘किती टन?’ असा करू नये; ‘पिनपासून किती अंतरावर आणि कोणत्या दाबाला इतके टन?’ असा करावा. ज्याच्याकडे याचे लेखी उत्तर नाही, त्याचा आकडा तुलनेत धरू नये.

हा हिशोब केवळ कागदी नाही. साध्या सौम्य पोलादाची १०० मिलिमीटर व्यासाची गोल सळई कापावयाची, तर ढोबळ मानाने २६० टनांचा जोर लागतो. वरील उदाहरणातील शिअर ती घशात धरून सहज कापील, मध्याशी अडखळेल आणि टोकाला मुळीच कापणार नाही. यावरून घाईतल्या चालकाची एक सवय का महाग पडते, हे ध्यानात येईल. जाड माल टोकात पकडून वारंवार चावत राहिले की काम होत नाहीच, उलट पिन, बुश आणि पोकलेनची बूम यांवर सारा ताण येतो. टोक हे पत्र्याला भोक पाडून आत शिरण्यासाठी आहे. जाड माल घशापर्यंत नेऊनच कापावा.

टनांइतकेच महत्त्व जबड्याच्या उघडण्याला व खोलीला आहे. घशात ५०० टन असले आणि आपला गर्डर त्या घशापर्यंत जातच नसला, तर ती ताकद आपल्यासाठी नाही. आपल्या यार्डात नेहमी येणाऱ्या मालापैकी सर्वांत उंच गर्डर आणि सर्वांत रुंद पाइप मोजावेत आणि ती मापे घेऊनच विक्रेत्याकडे जावे.

पोकलेन काय देते?

शिअरला स्वतःचे बळ नसते. तिला तेलाचा दाब आणि प्रवाह पोकलेनच पुरविते. दाबावर ताकद अवलंबून असते आणि प्रवाहावर वेग. वरच्याच उदाहरणात दाब ३५० ऐवजी २८० किलो मिळाला, तर २५० टनांचे २०० टन होतात. पाचवा हिस्सा येथेच गेला.

यात एक व्यावहारिक अडचण अनेकांना उशिरा कळते. ब्रेकर चालविणाऱ्या पोकलेनवर तेलाची जादा लाइन आधीच असते, म्हणून शिअरही तिच्यावर चालेल असा समज असतो. ब्रेकरच्या लाइनीत तेल एकाच दिशेने जाते आणि तिचा दाब बहुधा कमी ठेवलेला असतो. शिअरला जबडा मिटण्यासाठी आणि उघडण्यासाठी अशी दोन्ही दिशांनी तेल नेणारी, पूर्ण दाबाची लाइन लागते; शिअर फिरणारी असेल तर फिरविण्यासाठी आणखी एक लहान लाइन. हा खर्च शिअरच्या किमतीत धरला आहे की वेगळा, हे आधीच विचारून घ्यावे.

वेगाचा हिशोबही असाच करता येतो. त्याच सिलिंडरची चाल ८० सेंटिमीटर असेल, तर एकदा पूर्ण मिटण्यासाठी सुमारे ५६ लिटर तेल लागते. मिनिटाला ३०० लिटर देणारे पोकलेन ते साधारण ११ सेकंदांत देईल. २०० लिटर देणारे १७ सेकंदांत. दिवसभरात शेकडो वेळा जबडा मिटतो, तेव्हा या सहा सेकंदांचे तास होतात. काही शिअरमध्ये वेग वाढविणारा व्हॉल्व्ह असतो : जबडा रिकामा मिटत असताना सिलिंडरच्या पुढच्या बाजूचे तेल टाकीत न पाठविता तो मागच्या बाजूस वळवितो आणि माल दातांत आला की पूर्ण ताकदीवर येतो. लहान पंपाच्या पोकलेनवर या सोयीचे मोल अधिक. मात्र परतीचे होज पाइप अरुंद असतील तर तेल तापते आणि दुपारनंतर यंत्र मंदावते, हेही लक्षात ठेवावे.

कोठे बसवावी, फिरणारी घ्यावी काय?

शिअर दोन ठिकाणी बसते. आर्म काढून थेट बूमवर बसविली, तर तेच पोकलेन अधिक वजनाची आणि अधिक ताकदीची शिअर पेलते. पण पोहोच कमी होते आणि आर्म नसल्याने पोकलेन दुसऱ्या कामाला सहजी लावता येत नाही. बकेटच्या जागी आर्मवर बसविली, तर पोहोच मिळते, बदलही सोपा होतो. मात्र शिअर लहान घ्यावी लागते. ज्या वखारीत माल एकाच ढिगावर येतो आणि पोकलेन दिवसभर तेथेच उभे असते, तेथे बूमवरील शिअर शोभते. ठेकेदार आज कारखान्याचे छत उतरवितो आणि उद्या राडारोडा भरतो, त्याला आर्मवरीलच योग्य.

येथे वजनाशी खेळू नये. बकेटने माती उचलणे निराळे आणि आर्मच्या टोकाला शिअर व तिच्या दातांत लोंबणारा दोन टनांचा गर्डर धरून बाजूला वळणे निराळे. पोकलेनच्या वजन पेलण्याच्या तक्त्यात पूर्ण पोहोचीवर, आणि विशेषतः आडव्या दिशेला, किती भार चालतो ते पाहावे व त्यातून शिअरचे वजन वजा करावे. जे उरेल, तेवढाच माल.

फिरणारी शिअर ३६० अंशांत वळते. त्यामुळे तिरका पडलेला गर्डर पोकलेन न हलविता पकडता येतो. तोडकामात, जेथे माल आपल्या सोयीने उभा नसतो, तेथे ही सोय जवळजवळ अपरिहार्य आहे. लाबाउंटीच्या एमएसडी मालिकेत क्रमांकापुढे येणारे ‘आर’ हे अक्षर अशा फिरणाऱ्या शिअरचे आहे. पण फिरण्यासाठी मोटर, मोठे बेअरिंग आणि तेलाचा फिरता सांधा लागतो. वजन, किंमत आणि दुरुस्ती तिन्ही वाढतात. वखारीत दुसरे यंत्र माल सरळ लावून देत असेल, तर स्थिर शिअर कमी खर्चात तेवढेच टन कापते.

माल ओळखावा, मग जबडा निवडावा

शिअर हे पोलादाचे हत्यार आहे, काँक्रीटचे नव्हे. सिमेंटचे खांब तिच्या दातांत दिले की खडी पाती खाऊन टाकते. त्या कामाला क्रशर वा पल्व्हरायझर असतात. काही कंपन्या एकाच अंगावर निरनिराळे जबडे बदलता येतील असे मल्टिप्रोसेसर देतात. मिश्र तोडकाम करणाऱ्यास ते सोयीचे, परंतु केवळ भंगार कापणाऱ्याने त्या सोयीची किंमत मोजू नये.

पोलादातही जाती आहेत. सौम्य पोलादाची ताणशक्ती चौरस मिलिमीटरला ४१० न्यूटनच्या आसपास असते. रेल्वेच्या नेहमीच्या रुळाची ८८०, म्हणजे दुपटीहून जास्त. शिवाय रूळ वाकत नाही, तडकतो आणि त्याचा तुकडा गोळीसारखा उडतो. कठीण केलेले शाफ्ट आणि बिडाचे जाड नग यांचीही हीच गोष्ट. असा माल वेगळा काढून त्याला दुसरी वाट द्यावी. पातळ पत्र्याचा प्रश्न उलटा : पात्यांत फट वाढली की तो कापला न जाता घडी होऊन मध्ये अडकतो आणि जबडा रुततो.

कोठे शिअर मुळीच योग्य नाही, हेही सांगितले पाहिजे. मुंबईतील १८६८ सालचा कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये मध्य रेल्वेने २७ तासांचा ब्लॉक घेऊन उतरविला, तो गॅसकटर आणि मोठ्या क्रेन यांच्या साहाय्याने. खाली रूळ असताना कापलेला तुकडा पडू देऊन चालत नाही, तो झेलावा लागतो. अलंगलाही किनाऱ्यावरील जहाजाचे मोठे भाग गॅसनेच सोडविले जातात. शिअरचे स्थान त्यानंतर, यार्डात आणलेल्या भागांचे मापात तुकडे करताना. म्हणजे शिअरने गॅसकटर संपत नाही. त्याचे काम कमी होते आणि ते अवघड जागी एकवटते.

पाती, पिन आणि रोजची अर्धी घटका

दोन शिअरच्या किमतीत मोठा फरक दिसतो, तेव्हा त्याचे उत्तर बहुधा पात्यांत आणि पिनांत असते. चांगल्या शिअरच्या मुख्य पात्यांना चार धारा असतात. एक बोथटली की पाते फिरवून दुसरी वापरता येते. टोकाचा भाग बोल्टने बदलता येतो की वेल्डिंग करूनच भरावा लागतो, हे पाहावे. पात्यांतील फट पातळ पट्ट्या घालून जुळवावी लागते; ती पुस्तिकेत दिलेल्या मापात ठेवणे ही शिअरच्या आयुष्याची गुरुकिल्ली होय. मालाला जबडा बाजूला ढकलण्याची सवय असते; त्याला सरळ ठेवणारे आधार झिजल्यावर बदलता येतात काय, हेही विचारावे.

जुनी, आयात केलेली शिअर घेताना रंगावर जाऊ नये. नव्या रंगाखाली भेगांवर केलेले वेल्डिंग लपते. जबडा अर्धा उघडून पहारीने हलवावा. मुख्य पिनमध्ये खेळ असेल तर तो लगेच हाताला जाणवतो. पाती आणि सील देशात मिळतात काय आणि किती दिवसांत, हे लेखी घ्यावे.

कारण उभ्या यंत्राचा हप्ता थांबत नाही. उदाहरणादाखल, एक शिअर ताशी ८ टन कापते, पण दुरुस्तीमुळे महिन्यात १५० तासच चालते. दुसरी ताशी ७ टनच कापते, पण १९० तास चालते. पहिलीचे १,२०० टन, दुसरीचे १,३३० टन. माहितीपत्रकात पहिली वरचढ, खातेवहीत दुसरी. हप्ता, डिझेल, चालक, पाती आणि दुरुस्ती यांची महिन्याची बेरीज करून तिला प्रत्यक्ष कापलेल्या टनांनी भागावे आणि तो भाव आजच्या गॅसकटिंगच्या टनामागच्या खर्चाशेजारी ठेवावा. महिन्याचा माल पुरेसा नसेल, तर शिअर भाड्याने आणणे हाच शहाणपणा.

माणसांचा हिशोब

गॅसकटर चालविणारा माणूस वितळत्या लोखंडाशी हातभर अंतरावर वाकून बसतो. जुन्या गर्डरवरील रंगात शिसे असेल तर त्याचा धूर त्याच्या छातीत जातो; टाकीत उरलेल्या तेलाची वाफ एका ठिणगीने पेट घेते. शिअर त्या माणसाला तेथून उठवून केबिनमध्ये बसविते. टनांच्या तुलनेत न दिसणारा हा तिचा सर्वांत मोठा लाभ आहे.

परंतु ती आपले धोकेही घेऊन येते. बंद पिंप, गॅसचे सिलिंडर, मोटारीच्या सीएनजी टाक्या दातांत गेल्या तर स्फोट होतो. त्या आधीच वेगळ्या काढाव्यात. केबिनला मजबूत जाळी व न फुटणारी काच हवी आणि जबड्याभोवती कोणीही फिरकणार नाही असे कुंपण हवे. पाती बदलताना इंजिन बंद, लाइनीतील दाब सोडलेला आणि जबड्याला भक्कम टेकू, या तिन्ही गोष्टी पूर्ण झाल्याशिवाय हात आत जाता कामा नये. होज पाइपची गळती बोटाने चाचपू नये. एवढ्या दाबाचे तेल कातडी भेदून आत जाते आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी हात गमावण्याची वेळ येते.

कायद्याची दिशाही हीच आहे. भारताने २०१९ मध्ये जहाज-पुनर्वापराचा कायदा केला आणि हाँगकाँगचा आंतरराष्ट्रीय करार २६ जून २०२५ पासून लागू झाला. त्यांत शिअरची सक्ती नाही. पण ज्वालेने कापण्याच्या कामाची आखणी, परवानगी आणि कामगारांचे संरक्षण यांचा जाब द्यावा लागतो. उरतो तो गॅसकटर चालविणाऱ्या कारागिराच्या पोटाचा प्रश्न. त्याला माल कळतो, कोणता नग कोठे तुटेल हे त्याला ठाऊक असते. बाहेरून आलेल्या चालकाला ते शिकायला वर्ष लागते. त्यालाच यंत्रावर शिकविण्यात धर्म आहे आणि व्यवहारही.

सही करण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. कापण्याची ताकद पिनपासून किती अंतरावर आणि कोणत्या दाबाला मोजली? घसा, मध्य आणि टोक यांचे तिन्ही आकडे द्यावेत.

२. जबडा किती उघडतो, किती खोल आहे? आमचा सर्वांत मोठा नग आत जातो काय?

३. आमच्या पोकलेनचा दाब व प्रवाह पुरेसा आहे काय? जादा लाइनीचा खर्च कोणाचा?

४. शिअर लावल्यावर पूर्ण पोहोचीवर आडव्या दिशेला किती भार चालेल?

५. पात्यांचा संच केवढ्याचा, किती धारांचा आणि किती दिवसांत मिळेल?

६. आमच्या यार्डात, आमच्याच मालावर, एक पूर्ण दिवस चालवून दाखवाल काय?

सहाव्या प्रश्नाला ‘होय’ म्हणणारा विक्रेता निम्मी परीक्षा उत्तीर्ण झाला असे समजावे. त्या दिवशी सकाळी वजनकाटा शून्यावर आणून कापलेला प्रत्येक टन मोजावा, डिझेलची नोंद ठेवावी आणि संध्याकाळी पाती हाताळून पाहावीत. दोन्ही शिअरचे असे दोन कागद समोर आले की निवड करण्यास दुसऱ्या कोणाच्या सल्ल्याची गरज फारशी उरत नाही.